सुरतेची उशी आणि घरची सुई

सुरत हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे साधारणतः दोन प्रसंग उभे राहतात. पहिला १६६४ सालच्या जानेवारीतला. शिवछत्रपतींच्या स्वारांनी मोगलांचे हे धनाढ्य बंदर लुटले तो. दुसरा १९०७ सालच्या डिसेंबरातला. काँग्रेसच्या मंडपात जहाल आणि मवाळ यांच्या वादाचे पर्यवसान जोडाफेकीत आणि मारामारीत झाले तो. दोन्ही प्रसंग मोठे आणि इतिहासाच्या पुस्तकांत मानाची जागा मिळवलेले. परंतु शहराचा इतिहास केवळ स्वाऱ्यांनी आणि सभांनी घडत नाही. घराघरांत, उजेडाची जागा पाहून, जे हात सुईत दोरा ओवीत बसलेले असतात त्यांचाही त्यात वाटा असतो. सुरतेसारख्या कापडाच्या शहरात तर तो वाटा थोडाथोडका नव्हे. त्याची हकीकत सांगण्यासाठी एखादी लहानशी, नित्याच्या वापरातली वस्तू हाती धरायची झाली, तर ती नक्षीदार अभ्रा घातलेल्या उशीहून सोयीची मिळणार नाही.

या वस्तूची नावेच आधी बोलू लागतात. 'उशी' हा शब्द संस्कृत 'उच्छीर्षक' या शब्दापासून आला. मस्तक उंच ठेवणारी वस्तू असा त्याचा अर्थ. त्याच मुळापासून गुजरातीत 'ओशीकुं' झाले. म्हणजे तापीच्या दोन्ही अंगांना माणसे एकाच शब्दावर डोके टेकून झोपत आली आहेत. पण उशीवर जे वस्त्र चढते त्याचे नाव बाहेरून आलेले आहे. फारसीत दुपदरी वस्त्राच्या वरच्या पदराला 'अब्रा' आणि आतल्या पदराला 'अस्तर' म्हणतात. मराठीने दोन्ही शब्द उचलले आणि पहिल्याचा 'अभ्रा' केला. गुजरातीतला 'गलेफ' हा अरबी 'गिलाफ'. टेकून बसण्याचा 'तक्क्या' आणि मानकऱ्याची 'मसनद' हे शब्दही त्याच वाटेने आले. उशी घरची आणि तिच्यावरची शोभा दरबारची, असा हा भाषेचा निवाडा आहे. इतिहासाची साक्ष मात्र काहीशी निराळी पडते.

इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो पश्चिम हिंदुस्थानच्या किनाऱ्याने परत गेला. गुजरातेसंबंधी लिहिताना त्याने तेथील तांबड्या आणि निळ्या कातड्याच्या चटयांचे वर्णन केले आहे. त्या चटयांवर पशुपक्ष्यांच्या आकृती बसवलेल्या असत आणि सोन्यारुप्याच्या तारेने भरलेल्या असत. तेथे सोन्याचे भरतकाम केलेल्या उशाही होतात आणि एकेकीची किंमत सहा मार्क चांदी पडते, असे तो नमूद करतो. मार्क हे त्या काळचे युरोपी वजन, सुमारे अर्ध्या पौंडाचे. म्हणजे एका उशीला अंदाजे १२० तोळे चांदी मोजावी लागे. ज्या वस्तूवर माणूस नुसते टेकायचे, तिची ही किंमत होती.

या वर्णनातली कातड्याची गोष्ट विशेष ध्यानी घेण्यासारखी आहे. गुजरात, काठेवाड आणि कच्छ येथील नामांकित साखळीकाम मोची लोकांच्या हातचे होते. चामडे शिवणारा मोची टोकाला बारीक आकडा असलेली आरी वापरतो. आरी कापडातून खाली जाते, खालचा दोरा आकड्यात धरून वर आणते आणि एका वेढ्यातून दुसरा वेढा निघत साखळी तयार होते. हीच आरी पुढे रेशमी व सुती कापडावर फिरू लागली. सुईने घातलेल्या साखळी टाक्यापेक्षा आरीचा टाका अधिक बारीक येतो आणि कामही झपाट्याने होते. अठराव्या शतकात युरोपात चौकटीवर कापड ताणून आकड्याने भरण्याची जी कला लोकप्रिय झाली, तिचे मूळ पूर्वेकडील याच पद्धतीत आहे असे मानतात. कसब प्रतिष्ठित ठरले. ते ज्यांच्या हातून निघाले त्या मोच्यांना मात्र कोणी प्रतिष्ठा दिली नाही.

सोळाव्या शतकात गोव्यात राहून गेलेल्या लिन्सखोतेन या डच माणसानेही खंबायतेकडच्या रेशमाने शिवलेल्या रजयांची वाखाणणी केली आहे. पुढे खंबायतेच्या आखाताचा वरचा भाग गाळाने भरत गेला आणि व्यापार दक्षिणेकडे सरकला. १५७३ साली अकबराने सुरत घेतली. मक्केच्या यात्रेकरूंचे बंदर म्हणून तिचे महत्त्व वाढले. १६०८ साली विल्यम हॉकिन्सचे 'हेक्टर' जहाज सुरतेच्या किनाऱ्यास लागले आणि थोड्याच वर्षांत इंग्रज आणि डच यांच्या वखारी तेथे उभ्या राहिल्या. खंबायत, अहमदाबाद, भडोच येथे होणारे कापड या वखारींत गोळा होई आणि तापीच्या मुखाशी थांबलेल्या जहाजांत भरले जाई. १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली मराठ्यांच्या हाती जी संपत्ती लागली, तिच्या मुळाशी हा व्यापार होता. वेचलेला कापूस, कातलेले सूत, विणलेले ठाण आणि भरलेली नक्षी यांचेच ते नाण्यांत झालेले रूपांतर होते.

इंग्लंडात या मालाने केवढी खळबळ उडवली याचा पुरावा तेथील कायद्यांत सापडतो. १७०८ साली डॅनिअल डिफो याने आपल्या 'रिव्ह्यू' या नियतकालिकात तक्रार केली की, हिंदी कापड आधी अंगावर आले, मग घरात शिरले, आणि बघता बघता पडदे, उशा, खुर्च्या आणि शेवटी बिछानेही त्याचेच झाले. तेथील लोकरीच्या आणि रेशमाच्या विणकरांचे पोट त्यामुळे मारले जात होते. १७०० सालच्या कायद्याने हिंदी छापील व रंगीत सुती कापडाचा तेथील वापर रोखण्याचा प्रयत्न झाला. तो पुरेना म्हणून १७२१ साली अधिक कडक कायदा झाला. त्यात अशा कापडाचे कपडे घालण्यास तर बंदी होतीच. शिवाय बिछाना, खुर्ची, उशी आणि खिडकीचा पडदा यांसाठीही ते वापरू नये, असे नावे घेऊन लिहिले होते. एका बलाढ्य राष्ट्राच्या पार्लमेंटला उशीच्या अभ्र्यावर कायदा करावा लागला, ही गोष्ट विनोदी वाटली तरी खरी आहे.

हे सारे झाले विकाऊ मालाविषयी. पण ज्या प्रदेशात विकण्यासाठी इतके शिवले जाते, तेथे घरासाठी काहीच शिवले जात नसेल असे कसे होईल? फरक इतकाच, की विकलेल्या मालाची नोंद वखारीच्या वहीत होते आणि घरच्या शिवणीची नोंद कोणी ठेवीत नाही. काठेवाडात आणि कच्छात मुलगी लहानपणापासून आपल्या आण्याची तयारी करी; दारावरचे तोरण, भिंतीवरचा चाकळा, गाद्यांच्या चवडीवरचा ओछाड आणि उशीचा गलेफ ती स्वतः भरी. महाराष्ट्रात हीच गोष्ट रुखवताच्या रूपाने दिसते. लग्नमंडपात मांडलेल्या रुखवतात लाडूचिवड्याच्या शेजारी वधूने भरलेले टेबलक्लॉथ आणि अभ्रे असत. विसाव्या शतकात त्यांवर गुलाबाच्या फांदीखाली इंग्रजी अक्षरांत 'गुड नाइट' किंवा 'स्वीट ड्रीम्स' असे भरण्याची चाल पडली. त्या मुलींतल्या कितीकींना दुसरे इंग्रजी येतही नसे. तरी सासरी नेण्याच्या सामानात संपूर्णपणे तिच्या हातचे, तिच्या आवडीचे असे जर काही असेल, तर ते तेवढेच असे.

सुरतेच्या घरांना आणखी एक लाभ होता, तो म्हणजे जरीचे सान्निध्य. सुरतेची जरी पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेली. येवल्याच्या पैठणीच्या पदरालाही तीच लागे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवायचा, ती कांब उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी बारीक तार करायची, ती तार चेपून चपटी करायची आणि पिवळ्या रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळायची, अशी ही जुनी कृती आहे. चपटी तार म्हणजे बादला, रेशमावर गुंडाळलेली म्हणजे कसब, पिळून स्प्रिंगसारखी केलेली म्हणजे सलमा, आणि चेपून केलेली चकती म्हणजे टिकली. आता बहुतेक बाजारी जरी तांब्याची किंवा प्लास्टिकच्या झिलईदार पट्टीची असते; पण नावे मात्र तीच आहेत.

या जरीचा उपयोग कोठे करावा आणि कोठे करू नये, याचे तारतम्य घरच्या शिवणीने फार चांगले सांभाळले. जरी गालाला टोचते आणि धुण्याने काळवंडते. म्हणून लोडाच्या तोंडाला, तक्क्याच्या दर्शनी अंगाला आणि पाहुण्यांच्या बैठकीतल्या चौकोनी उशीला जरी. निजण्याच्या उशीला मात्र मऊ सुती अभ्रा आणि त्याच्या कोपऱ्यात सुती किंवा रेशमी दोऱ्याची एखादी फुलवेल. ज्या अंगावर मस्तक टेकायचे ते अंग कोरे राही. शोभेला सुखाच्या आड येऊ द्यायचे नाही, हा नियम कोणी शिकवला नव्हता. वापरानेच तो शिकवला.

प्रत्यक्ष कृती पाहिली तर ती साधी आहे, पण तिच्यात हिशेब आहे. सोळा इंची चौकोनी उशीसाठी दर्शनी तुकडा सतरा इंची घ्यावा लागतो, कारण चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच शिवणीत जातो. कापड नवे असेल तर ते आधी भिजवून, वाळवून घेतात. नाही तर पहिल्या धुण्यातच ते आटते आणि उशी अभ्र्यात मावेनाशी होते. नक्षी आधी भरायची, तुकडे मागाहून जोडायचे. जरीचे काम असेल तर मागे अस्तर लावायचे, म्हणजे टाक्यांची उलट बाजू आतल्या कापसाच्या खोळीत अडकत नाही. पाठीसाठी दोन तुकडे घ्यायचे, प्रत्येकी सतरा इंच रुंद आणि साडेअकरा इंच उंच. त्यांचा मधला काठ एक इंच दुमडून टाचला की ते एकमेकांवर चार इंच चढतात; त्या फटीतून उशी आत घालता येते आणि बटणाची गरज पडत नाही. सुलट बाजू आत ठेवून चारी कडा टिपायच्या, कोपऱ्यांचे जादा कापड तिरपे कापायचे आणि अभ्रा उलटवायचा. कडेला वेगळ्या रंगाची मगजी घातली की त्याला बांधेसूदपणा येतो. कापडाचा हा सारा खर्च अर्ध्या वाराच्या आसपास. वस्तुतः एवढ्यासाठी कोणी नवे कापड आणीतही नसे. जुन्या शालूचा पदर, विरलेल्या साडीचे काठ आणि शिंप्याकडून उरलेली कतरण हेच या कामाचे भांडवल होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामात यंत्र आले. १८४६ साली एलिअस होव याने आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट घेतले. हिंदुस्थानात सिंगरची यंत्रे हप्त्याने मिळू लागल्यावर ती शिंप्याच्या दुकानात आली आणि तेथून हळूहळू मध्यम वर्गाच्या घरात शिरली. यंत्रमात्राविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली एका विद्यार्थ्याशी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमाने सिंगरने ते यंत्र शोधले, अशी कथा त्यांनी सांगितली. ती इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. सिंगर हा मूळचा नट, आणि त्याची दृष्टी धंद्यावर होती. परंतु गांधीजींना त्या यंत्रात जे दिसले ते खोटे नव्हते. घरात बसणाऱ्या स्त्रीच्या हाती आलेले ते पहिले महत्त्वाचे यंत्र होते, आणि त्याच्या बळावर ती पैसा मिळवू शकत होती.

ही शक्यता सर्वांत आधी ओळखली ती विधवांच्या प्रश्नाने व्यथित झालेल्यांनी. ज्या १९०७ साली सुरतेत काँग्रेस दुभंगली, त्याच साली त्याच शहरात बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवांनी 'वनिता विश्राम' ही संस्था स्थापन केली. सुरतेत लहानाचे मोठे झालेले बेहरामजी मलबारी यांनी दयाराम गिदुमल यांच्यासह १९०८ साली मुंबईत 'सेवासदन' काढले आणि १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन सुरू झाले. पुण्याच्या सेवासदनात लिहिण्यावाचण्याच्या जोडीने शिवणाचेही वर्ग चालत. आज कोणाला त्यात विशेष वाटणार नाही. पण ज्या स्त्रीला घरात एका वेळच्या अन्नासाठी दिराजावांच्या तोंडाकडे पाहावे लागे, तिच्या दृष्टीने चार आण्यांची शिवण म्हणजे चार आण्यांचे स्वातंत्र्य होते. अभ्रा शिवण्याचे जे कसब तिने माहेरी रुखवतासाठी शिकलेले असे, तेच वैधव्यात तिच्या कामी येई. काँग्रेसची दुभंगलेली दोन टोके १९१६ साली लखनौस पुन्हा जुळली. वनिता विश्रामाचे काम मात्र सुरतेत शतकाहून अधिक काळ चालू राहिले आहे. त्या वर्षातली अधिक टिकाऊ घटना कोणती, याचा विचार इतिहासकारांनी करावा असा आहे.

घरच्या शिवणीला मोल आले, पण त्या मोलाबरोबर एक नवे दुखणेही आले. सुरत आज कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील अग्रगण्य केंद्र आहे. तापीच्या खोऱ्यातून सुरतेस जोडणारी आगगाडी १९०० सालच्या सुमारास पुरी झाली आणि खानदेशाला सुरत जवळची झाली. आज धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत मोठ्या संख्येने राहतात. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही तेथे आहेत. या वस्त्यांतला पुरुष मागावर किंवा कापडाच्या बाजारात काम करतो. स्त्रिया घरी साड्यांचे गठ्ठे आणून त्यांना लेस लावतात, टिकल्या व खडे चिकटवतात, लोंबते दोरे कापतात. या कामाला नगावर मजुरी मिळते. तिची आई गावाकडे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत असे. त्या गोधडीला किंमत नव्हती, पण तिचे टाके किती आणि कसे घालायचे हे आईच्या हाती होते. लेकीच्या कामाला किंमत आहे, परंतु ती ठरवणारा दुसराच कोणी आहे.

या प्रश्नावर गुजरातेतच एक वाट शोधली गेली. सुरतेच्या उत्तरेस अहमदाबादेत, १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही कष्टकरी स्त्रियांची संघटना स्थापन केली. तेथील दर्यापूर भागात गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवणाऱ्या स्त्रिया होत्या. चिंध्या व्यापाऱ्याच्या, मजुरीचा दर व्यापाऱ्याचा, आणि यंत्र, दोरा व डोळे मात्र बाईचे, असा तो व्यवहार होता. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या संघटित झाल्या, त्यांनी दर वाढवून मागितला आणि पुढे स्वतःची सहकारी संस्था काढली. अशाच प्रयत्नांतून हा प्रश्न जगापुढे गेला. १९९६ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे असा करार संमत केला. भारताने त्यावर अद्याप शिक्कामोर्तब केलेले नाही.

मार्को पोलोपासून दर्यापूरपर्यंतच्या या सात शतकांत उशीच्या अभ्र्याची कृती फारशी बदललेली नाही. बदलली ती त्याची किंमत आणि ती मोजणारा. दरबारात तो चांदीने तोलला गेला, लंडनमध्ये त्याच्यावर कायदा झाला, घरात तो फुकट गणला गेला आणि आज बाजारात तो जोडीने, सवलतीच्या दरात मिळतो. तयार अभ्रा इतका स्वस्त असता घरी शिवण्याचे कारण काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. त्याचे उत्तर त्या स्वस्ताईतच दडलेले आहे. ज्याने एकदा चारी कडा टिपून, कोपरे कापून, स्वतःच्या हाताने अभ्रा उलटवला आहे आणि एका वेलीला किती संध्याकाळी लागतात हे मोजले आहे, त्याला बाजारातल्या नक्षीमागे कोणाचे किती तास गेले असतील याचा अंदाज येतो. मग तो भाव करताना जरा थबकतो. घरची सुई एवढे जरी शिकवीत असली, तरी ती घरात जपून ठेवण्याजोगी आहे.